तान्हा पोळ्याची आठवण
ज्यांची लेकरं तोंडानं बोलू शकत नाहीत त्या सगळ्या आई-बाबांना परत एकदा सांगते, तान्हा पोळा (लेकरं लाकडी नंदी, म्हणजे बैल, फिरवतात तो सण) अन् मारबत (मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक) एकाच दिवशी असते, नागपुरात महाल-इतवारीकडे ढोल-ताशे, गर्दी खूपच, म्हणून ज्यांची लेकरं आवाज झाला की कान दाबून घेतात त्यांनी नंदी आपल्या गल्लीतच फिरवा, काही बिघडत नाही. आदल्या रात्री चित्रांची कार्डं दाखवा, नंदी, नवे कपडे, बाहेर, परत घर, याच क्रमानं. 'पाणी' अन् 'बस झालं' ही दोन कार्डं सोबत ठेवाच, लेकरू ती दाखवून सांगू शकतं. कार्डांमुळे लेकरू बोलायला आणखी उशीर लावतं असं कोणी म्हणालं तर मनावर घेऊ नका, तसं होत नाही. पाहुण्यांनाही सांगा, "बोल ना बोल ना" करू नका, लेकरू हात धरून ओढून नेतं तेही सांगणंच आहे. आणि खिशात तुमचा मोबाईल नंबर लिहिलेली चिठ्ठी घाला बाप्पा, आपली लेकरं हरवली तर नाव सांगू शकत नाहीत.