२६ जानेवारीला मी गॅलरीत का जातो

प्रिय मित्रा,

परवा फोनवर तू म्हणालास ना, की तुमची बरीय बाबा, २६ जानेवारीला आपला प्रजासत्ताक दिन आणि तिकडचा ऑस्ट्रेलिया डे, डबल सेलिब्रेशन, तेव्हा मी गप्प झालो आणि तुला वाटलं नेटवर्क गेलं. नेटवर्क होतं रे. दोन मिनिटांत सांगण्यासारखं नव्हतं म्हणून आज निवांत लिहायला बसलोय.

सकाळी मंडळाचं झेंडावंदन असतं, तिथे मी जातोच, जनगणमन म्हणताना इतक्या लांब घसा अजून दाटून येतो. पण ते झालं की गेली काही वर्षं मी बार्बेक्यूला न थांबता सरळ कॅनबेराच्या नॅशनल गॅलरीत जातो. तिथे २०० पोकळ खोडं उभी आहेत. काही कमरेएवढी, काही माझ्या डोक्याच्या कितीतरी वर. आतून वाळवीने खाल्लेली युकॅलिप्टसची खोडं, ती तासून त्यावर गेरू, पिवळी माती, पांढरी माती आणि कोळसा एवढ्यानेच रंगवलेली. गेरू म्हणजे तोच रे, आजी दिवाळीच्या आधी तुळशीवृंदावनाला लावायची तो. पहिल्यांदा गेलो तेव्हा आधी तोच ओळखीचा वाटला आणि मग शेजारचा बोर्ड वाचला, तर ह्या शवपेट्या.

ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला आर्नहेम लँड म्हणून प्रदेश आहे, तिथल्या आदिवासींची ही रीत. माणूस गेला की काही काळाने त्याच्या अस्थी स्वच्छ करायच्या, गेरू लावायचा, रंगवलेल्या पोकळ खोडात ठेवायच्या आणि ते खोड ऊनपावसात उभं सोडून द्यायचं. वर एक छोटं भोक असतं, आतल्या आत्म्याला आपली जमीन बघता यावी म्हणून. मी एका खोडाच्या इतक्या जवळ उभा राहिलो की गार्डने हळूच मागे व्हायला सांगितलं. केसांच्या बारीक ब्रशने ओढलेल्या रेषा, एकावर एक आडव्यातिडव्या, हजारो, आणि मधेच माशाचा काटा. जी नक्षी विधीच्या वेळी अंगावर काढतात तीच खोडावर, प्रत्येक कुळाची आपली आपली, दुसऱ्याने काढायची नाही.

आता हे सगळं २६ जानेवारीशी कसं जोडलंय ते ऐक. १७८८ साली ह्याच दिवशी ब्रिटिश जहाजांचा ताफा घेऊन आलेल्या आर्थर फिलिपने सिडनीला, तिथल्या मूळच्या गॅडिगल लोकांच्या जमिनीवर, ब्रिटिश झेंडा रोवला. १९८८ला त्याची २०० वर्षं झाली, देशभर जल्लोष ठरला, जहाजांची मिरवणूक, फटाके, सगळं. तेव्हा आर्नहेम लँडमधल्या रामिंगिनिंग नावाच्या छोट्या गावातल्या आर्ट सेंटरचे सल्लागार होते जॉन मंडाइन, स्वतः बंजालुंग ह्या आदिवासी समाजाचे. त्यांनी आणि तिथल्या ४३ कलाकारांनी, बाया आणि पुरुष दोघांनी, ठरवलं की उत्सवात आपलं चित्र द्यायचं नाही, आपण स्मारक करायचं, दर वर्षाला एक खोड, आपली जमीन राखताना मेलेल्या आणि ज्यांचे अंत्यविधीसुद्धा झाले नाहीत अशा सगळ्यांसाठी. त्यांची भूमिका म्हणजे हे काम. खोडांमधून एक वाट जाते, ती त्यांच्या ग्लाइड नदीच्या मुखाची, आणि ज्या कुळाची जमीन नदीकाठी जिथे आहे तिथे त्या कुळाची खोडं. त्या वाटेने चालताना आपण नकळत त्यांच्या गावातून चालतो.

त्या ४३ जणांत डेव्हिड मलांगी होते. त्यांचं झाडाच्या सालीवरचं एक चित्र १९६६च्या एक डॉलरच्या नोटेवर छापलं गेलं, त्यांना न विचारता! आणि चित्र कशाचं, तर अंत्यविधीचं. बोंबाबोंब झाल्यावर १००० डॉलर, एक मेडल आणि मासेमारीचं सामान दिलं. मला हे वाचून फार राग आला होता, अजून येतो.

तू म्हणशील, दोनशे वर्षांपूर्वीचं आता कशाला उकरायचं, तू म्हणतोसच ते. पण अरे, हे मधे कधी थांबलंच नव्हतं. १९३८ला १५० वर्षांचा सोहळा होता, झेंडा रोवण्याचा प्रसंग नाटकासारखा वठवायचा होता, सिडनीच्या आदिवासींनी नकार दिला म्हणून लांब मेनिंडीहून माणसं आणली आणि पोलिसांच्या बराकीत कोंडून ठेवली. त्याच दिवशी विल्यम कूपर, जॅक पॅटन, विल्यम फर्ग्युसन ह्या आदिवासी नेत्यांनी सिडनीतल्या एका हॉलमध्ये शोकदिन पाळला, शंभरेक माणसं, तीही मागच्या दाराने आत. १९७२ला चौघा आदिवासींनी जमिनीच्या हक्कासाठी कॅनबेरात तेव्हाच्या संसदेसमोरच्या हिरवळीवर छत्री रोवून तंबू-दूतावास, म्हणजे आपल्याच देशात आपला दूतावास म्हणून निषेधाचा तंबू, सुरू केला तो पण २६ जानेवारीलाच, गॅलरीपासून चालत जाण्याएवढ्या अंतरावर आहे. आणि १९८८ला सिडनीत चाळीस हजारांवर लोक निषेधासाठी रस्त्यावर उतरले, गोरेसुद्धा होते बरं का त्यात.

मला सगळ्यात जास्त आपलीच २६ जानेवारी खुपते. १९३०ला पूर्ण स्वराज्याची शपथ ह्याच दिवशी घेतली म्हणून १९५०ला राज्यघटना अमलात आणायला मुद्दाम हीच तारीख धरली, ब्रिटिशांच्या हातून सुटण्याची तारीख. आणि त्याच ब्रिटिशांचा झेंडा रोवला गेल्याची तारीख ह्या लोकांची. मग मी इथे सकाळी तिरंग्याला सलाम करून दुपारी ‘हॅपी ऑस्ट्रेलिया डे’ कसं म्हणू सांग. गेल्या वर्षी मंडळात मी एवढंच सुचवलं, की बॅनरवर फक्त प्रजासत्ताक दिन लिहूया. दोघं-तिघं चिडले, म्हणाले ह्या देशाने आपल्याला पोसलं. पोसलं, मी नाही म्हणतच नाही, मुलं इथेच जन्मली, कर्ज काढून घर घेतलं तेही इथेच. पण ती जमीन कोणाची होती हे मुलांना मी नाही सांगितलं तर कोण सांगणार? बॅनर शेवटी नेहमीसारखाच लागला. धाकटी मात्र तेव्हापासून माझ्याबरोबर गॅलरीत येते, खोडं मोजायला लागते आणि साठ-सत्तरच्या पुढे चुकते, मग परत पहिल्यापासून.

तुझं तिकीट जानेवारीचंच काढ. उन्हाळा असतो, टोपी आण, वहिनींना पण घेऊन ये. झेंडावंदन करू, वडे खाऊ आणि मग तुला त्या वाटेने घेऊन जातो. माझं म्हणणं पटलं पाहिजे असं नाही, फक्त ती भोकं एकदा जवळून बघ.

तुझाच,
जुना बेंचपार्टनर