भाडं नाकारण्याची ऐपत

प्रिय मित्रा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. बाबांचे मालवाहू ट्रक आता तू आणि ताई मिळून बघणार, हे छानच झालं. तू विचारतोस, हा धंदा काही घरांत तीन पिढ्या चालतो आणि काही घरांत मुलाच्या हाती येताच बसतो, असं का? आमच्याकडे आणि आसपासच्या मालकांकडे जे बघत आलोय, त्यावरून मला एकच वाटतं: ज्याला भाडं नाकारता येतं तो टिकतो. नाकारायला नुसता स्वभाव पुरत नाही, ऐपत लागते.

ही ऐपत बहुतेकांच्या हातून सुटते ती हप्ते फिटल्यावर. मालकाला वाटतं, गाडी आता आपली, चार पैसे कमी घेतले तरी परवडतं. पण ट्रक दर किलोमीटरला थोडाथोडा विकलाच जात असतो. डिझेल, टोल आणि ड्रायव्हरचा पगार डोळ्यांसमोर असतात, इंजिनाची झीज कुणी मोजत नाही. जुन्या गाडीच्या भाड्यातून नव्या गाडीचे पैसे बाजूला पडले नाहीत, तर ती थकेल तेव्हा पूर्ण रकमेचं कर्ज डोक्यावर येतं. मग हप्त्यासाठी मिळेल ते भाडं उचलावं लागतं, क्षमतेपेक्षा जास्त मालही भरावा लागतो. १९५८ ते १९६० मध्ये अमेरिकेत मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक फिरवून चाचण्या घेतल्या होत्या. त्यावरून ढोबळ नियम निघाला की रस्त्याची हानी एक्सलवरच्या, म्हणजे चाकांच्या आसावरच्या, वजनाच्या चौथ्या घाताने वाढते. म्हणजे वजन वीस टक्के जास्त, तर हानी जवळपास दुप्पट! रस्ता आपल्या खिशातला नाही हे खरं, पण टायर, ब्रेक आणि स्प्रिंगा आपल्याच असतात.

परतीच्या फेरीचंही तेच. जाताना भरलेली गाडी येताना रिकामी आली, तर भरलेल्या प्रत्येक किलोमीटरवर जवळपास दुप्पट खर्च बसतो. म्हणून भाव ठरवताना दोन्ही बाजूंचा हिशेब धर, आणि परतीचा माल देणारी माणसं वर्षानुवर्षं जपून ठेव.

उधारीबद्दल मात्र कडक राहा. डिझेल आज रोख भरायचं आणि बिलाचे पैसे दोन महिन्यांनी यायचे, अशा व्यवहारात काम जितकं वाढतं तितकी रोकड अडकते. ऑर्डरी भरपूर असतानाच धंदा बुडतो, तो असा. सगळा माल एकाच गिऱ्हाइकाचा असेल, तर मग तोच मालक!

मोठेपणाने सुरक्षितता येते असंही समजू नकोस. यलो ही अमेरिकन ट्रक कंपनी १९२४ पासूनची. तिने मोठमोठ्या कंपन्या विकत घेतल्या, कर्ज डोईजड झालं, आणि २०२३ मध्ये ती बंद पडली तेव्हा सुमारे ३०,००० माणसांची नोकरी गेली. उलट तिथल्याच श्नायडर या ट्रकवाल्या कुटुंबाचं बघ. १९३५ मध्ये घरची मोटार विकून पहिला ट्रक घेतला. १९८० च्या कायद्याने तिथले दर-परवान्यांचे निर्बंध सैल झाले आणि दर कोसळले, त्यात अनेक जुन्या कंपन्या संपल्या. हे तगले, आणि १९८८ मध्ये त्यांनी गाड्यांवर उपग्रहाचं यंत्र बसवायला घेतलं. गाडी कुठे आहे हे कळलं, की तिला जवळचा माल देता येतो आणि रिकामी धाव कमी होते.

ड्रायव्हरबद्दल एवढंच सांगतो: गोदामात त्याचे जे तास फुकट जातात त्यांचे पैसे गिऱ्हाइकाकडून घे आणि त्याला दे. चांगला ड्रायव्हर सोडून जातो तो बहुधा या ताटकळण्यामुळेच. आणि त्याने "गाडी आज काढत नाही, ब्रेक बरोबर नाही" म्हटलं, तर घरातल्या कुणीही त्याच्यावर आवाज चढवू नये.

राहिलं घर. तुमच्यात वाद भाड्यावरून होणार नाहीत, सहीवरून होतील. नवी गाडी घ्यायची की नाही हे शेवटी कोण ठरवणार, धंद्यात नसलेल्या भावाला वाटा किती आणि कधी, हे बाबा ठणठणीत असतानाच त्यांच्यासमोर कागदावर आणा. आत्ता अवघड वाटेल, पण नंतर वकिलांसमोर बसून बोलणं याहून अवघड.

पुढच्या पत्रात प्रत्येक गाडीचा गेल्या वर्षाचा हिशेब वेगळा काढून पाठव, रिकाम्या किलोमीटरसकट. कोणती गाडी विकायची ते मग बोलू. ताईला नमस्कार, बाबांना साष्टांग.

तुझा,
जुना सोबती