‘विंड’चा तास

प्रिय मंगेश,

सप्रेम नमस्कार.

चिनी विद्यार्थ्यांना इंग्रजीतला ‘विंड’ (wind, म्हणजे वारा) शिकवायचाय ना, मग वाक्प्रचार थोडे थांबू देत, आधी शेवटचा ‘ड’ बघ. मँडरिनमध्ये, म्हणजे त्यांच्या प्रमाण चिनीत, शब्दाच्या शेवटी ‘न’ चालतो, ‘ड’ नाही. म्हणून ‘विंड’चं ‘विन’ होतं, म्हणजे जिंकणं. आधी ‘विंडी’ म्हणवून घे, तिथे ‘ड’ला स्वराचा आधार मिळतो, मग तो ‘ई’ हळूहळू पुसत जा. आणि तुझाही ‘व’ सांभाळ. ओठ गोल हवेत, दात लागू द्यायचे नाहीत.

वाऱ्याला ते ‘फंग’ म्हणतात. जोराचा वारा ‘ता फंग’, जोराचा पाऊस ‘ता यू’. ‘ता’ म्हणजे मोठा. त्यामुळे ‘बिग विंड, बिग रेन’ ऐकायची तयारी ठेव. इंग्रजीत वारा ‘स्ट्राँग’, पाऊस ‘हेवी’.

खरी गंमत ‘कॅच’पाशी आहे. वारा बाधला, अंग कसकसतंय, तर चिनीत ‘शोउ फंग’ म्हणतात. त्याचं शब्दशः ‘आय कॉट विंड’ करतील. ऐकणारा मात्र विचारेल, कशाची कुणकुण लागली? कारण ‘कॅच विंड ऑफ’ म्हणजे बातमीचा सुगावा लागणं. बाधलेल्या वाऱ्यासाठी ‘कॅच अ चिल’ दे. सुगाव्याचा अर्थ समजावायला मात्र त्यांचाच ‘फंग-शंग’ वापर: शब्दशः वाऱ्याचा आवाज, अर्थ बाहेर फुटलेली बातमी. तेवढ्यावर काम भागतं.

‘विंडफॉल’ ऐकून ‘वारा पडला’ असं वाटेल. आपल्यालाही वाटेल, मराठीत वारा पडतोच की! फळ्यावर झाड काढ, खाली वाऱ्याने झडलेली सफरचंदं, आणि मग सांग: न राबता हाती आलेला पैसा.

‘ज्येन फंग श त्वो’, म्हणजे वारा पाहून सुकाणू फिरवणं, हे आपल्या ‘वारा वाहील तशी पाठ द्यावी’च्या जवळचं. पण चिनीत ते टोचून बोलणं आहे. ‘सी विच वे द विंड ब्लोज’ याचं भाषांतर म्हणून ते देऊ नकोस. इंग्रजीत नुसता अंदाज घेणाऱ्यालाही तसं म्हणतात, त्यात दोष असेलच असं नाही.

‘वाइंड अप’, ‘वाइंड डाउन’ त्याच तासाला घेऊ नकोस. स्पेलिंग तेच, पण ते गुंडाळण्याचं क्रियापद, वाऱ्याशी त्याचं नातं नाही. त्याचा भूतकाळ ‘वाउंड’, आणि त्याच स्पेलिंगचा ‘वूंड’ म्हणजे जखम. एकाच दिवशी हे सगळं आलं, तर ‘विंड’सुद्धा ‘वाइंड’ म्हणू लागतील.

तुझा,
सुधीर