ऑइल ‘सेमी सिंथेटिक’ खरे, पण ग्रेड कोणता?

मा. संपादक,
स. न.

जुन्या मोटारीच्या इंजिनात नेहमीच्या मिनरल (खनिज तेलापासूनच्या) ऑइलऐवजी सेमी सिंथेटिक (मिनरल आणि कृत्रिम तेलाचे मिश्रण असलेले) ऑइल घालावे का, या प्रश्नाला नाशिकमधील दोन गॅरेजांत मला दोन टोकांची उत्तरे मिळाली, आणि ती देताना गाडीची पुस्तिका मात्र कोणीच उघडली नाही. त्यातून झालेला मनस्ताप इतर वाचकांना टळावा, म्हणून हे पत्र.

माझी पेट्रोल मोटार २००६ सालची. पंधरा वर्षांनंतर तिची फेरनोंदणी करून घेतली असल्याने ती अजून काही वर्षे चालवायची आहे. मीटर सव्वा लाखाच्या पुढे गेला असून आजवर तिच्यात २०डब्ल्यू-४० या ग्रेडचे, म्हणजे दाटपणाच्या वर्गाचे, मिनरल ऑइल दर पाच हजार किलोमीटरना बदलले जाई. गेल्या हिवाळ्यात सकाळी गाडी चालू केली की अर्धा मिनिट टॅपेटची (इंजिनाच्या झडपा उघडणाऱ्या भागांची) टकटक ऐकू येऊ लागली आणि ऑइल बदलून पाहावे असे वाटले. ऑइल गळू न देणाऱ्या इंजिनाच्या रबरी सीलांची काळजी वाटून पहिल्या मिस्त्रींनी चक्क हात जोडले. “काका, या गाडीला सिंथेटिक पाजू नका, सगळे सील जातील.” दुसऱ्या गॅरेजमध्ये “आता दहा हजार किलोमीटर बॉनेट उघडू नका,” असे आश्वासन देऊन ऑइल भरून दिले. बिलावर एवढेच लिहिले होते : ‘सेमी सिंथेटिक, ३ लि.’

महिनाभरात पार्किंगच्या फरशीवर रुपयाएवढे डाग पडू लागले. मुंबईहून कसारा घाट चढून परतल्यावर ऑइलची पातळी मोजायची पट्टी पुसून पाहिली, तर ऑइल खालच्या खुणेच्याही खाली गेलेले. पहिल्या मिस्त्रींचे भाकीत खरे ठरले असेच मला वाटले. पण टॅपेट कव्हर उघडल्यावर आत डांबरासारखा गाळ साचलेला दिसला, आणि कव्हरचा सांधा बंद ठेवणारे रबरी गॅस्केट इतके कडक झाले होते की बोटाने दाबताच त्याचा तुकडा पडला. ती फट इतकी वर्षे या गाळानेच बुजवून धरली होती. नव्या ऑइलमधील डिटर्जंटने गाळ सुटू लागला आणि मुळातली गळती उघडी पडली. सिंथेटिकने सील जातात हा समज अगदीच निराधार नाही. १९७० च्या दशकातील काही सुरुवातीची सिंथेटिक तेले त्या काळच्या रबराला मानवत नसत. आजच्या तेलांना मात्र तो दोष लावता येत नाही.

दुसरी चूक अधिक गंभीर होती. खोदून विचारल्यावर कळले की ओतलेले ऑइल ५डब्ल्यू-३० होते. माझ्या गाडीच्या पुस्तिकेत १५डब्ल्यू-४० आणि १०डब्ल्यू-४० हे दोनच ग्रेड दिले आहेत. ‘डब्ल्यू’च्या आधीचा आकडा थंडीतील प्रवाहीपणाचा. २०डब्ल्यू ऑइलची थंडीतील एक चाचणी उणे १५ अंशांना होते, तर १०डब्ल्यूची उणे २५ अंशांना. निफाडचा पारा कितीही घसरला तरी तिथवर जात नाही, त्यामुळे आपल्याकडे ५डब्ल्यूचा हट्ट धरण्याचे कारण नाही. पण डिसेंबरच्या पहाटे १०डब्ल्यू ऑइल टॅपेटपर्यंत लवकर पोहोचते, हा फायदा खरा. नंतरचा आकडा १०० अंश तापमानातील दाटपणा सांगतो. तेथे ‘३०’ हे ‘४०’पेक्षा पातळ असते, आणि पिस्टनच्या झिजलेल्या रिंगांमधून पातळ ऑइल वर जाऊन जळायला वेळ लागत नाही. घाटात गाडीतून निळा धूरही निघाला होता, तो यामुळेच. ‘सेमी सिंथेटिक’ या शब्दांतून यातले काहीही कळत नाही. त्यात सिंथेटिक भाग किती टक्के, हेसुद्धा डब्यावर सहसा छापलेले नसते.

गॅस्केट बदलून मी १०डब्ल्यू-४० हे सेमी सिंथेटिकच पुन्हा भरले. इंजिनात उरलेले जुने ऑइल नव्यात मिसळले तरी बिघडत नाही, त्यामुळे सातशे रुपयांचे ‘फ्लशिंग’ (इंजिन आतून धुऊन काढणे) मी नाकारले. इतका गाळ एकदम सुटून ऑइलच्या जाळीत अडकण्याची भीती उलट अधिक. त्याऐवजी पहिले ऑइल, फिल्टरसह, तीन हजार किलोमीटरलाच काढले. ते काजळासारखे काळे निघाले. त्यानंतरच्या पाच हजारांत जेमतेम पाव लिटर ऑइल वरून घालावे लागले. टकटक पूर्ण थांबलेली नाही, पण पाच-सात सेकंदांवर आली आहे. ज्या गाडीत गळती नाही, गाळ नाही आणि मिनरल ऑइल वेळेवर बदलले जाते, तिच्या मालकाने केवळ नावाला भुलून जास्त पैसे मोजावेत असे मला वाटत नाही.

शहरातील गॅरेजचालकांना माझी विनंती आहे की बिलावर ऑइलचा ग्रेड आणि एसएल, एसएन यांसारखा एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) दर्जा लिहावा, आणि डब्याचे सील ग्राहकासमोर फोडावे. बॅरलमधून मापाने सुटे ऑइल भरत असल्यास तेही स्पष्ट सांगावे. गाडीमालकांनीही पहिल्या हजार किलोमीटरपर्यंत दर रविवारी, गाडी सपाट जागी आणि इंजिन थंड असताना, पट्टी ओढून पाहावी. मी ती महिनाभर ओढली नाही, ही चूक माझीच.

आपला,
एक वाचक, इंदिरानगर, नाशिक