वेबसाइटचे पत्ते छापा, आम्ही वहीत उतरवून घेऊ

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गिरगावातल्या एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत दर शनिवारी दुपारी चार वाजता आमचा कॉम्प्युटर क्लब भरतो. दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि साठी ओलांडलेले बावीस सभासद. त्याशिवाय एक दोनशे पानी वही. चांगली वेबसाइट सापडली की तिचा पत्ता या वहीत मोठ्या अक्षरात लिहायचा, कोणी तपासली ते शेजारी लिहायचं आणि पुढच्या खेपेला तो पत्ता एकेक अक्षर टाइप करूनच उघडायचा, असा आमचा नियम आहे.

हा नियम ठेच लागल्यावर केला. गेल्या पावसाळ्यात आमच्या एका सभासदांनी बँकेचा हेल्पलाइन नंबर इंटरनेटवर शोधला आणि पहिला दिसला तोच लावला. पलीकडच्याने गोड बोलून मोबाइलमध्ये एक अ‍ॅप टाकायला लावलं. दहा मिनिटांत अठरा हजार रुपये गेले. अशा वेळी ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करायचा असतो, हे त्यांना तिसऱ्या दिवशी कळलं. आयुष्यभर पै-पैचा हिशेब ठेवलेला माणूस महिनाभर क्लबात आला नाही.

तेव्हापासून आम्ही पत्ता वाचायला शिकवतो. सुरुवातीच्या 'एचटीटीपीएस' (https) या अक्षरांपुढच्या दोन तिरक्या रेघा (//) सोडायच्या आणि त्यापुढची पहिली तिरकी रेघ (/) शोधायची. तिच्या लगेच आधी 'डॉट जीओव्ही डॉट इन' (.gov.in) असेल तर साइट सरकारी. हीच अक्षरं मध्येच कुठेतरी घातलेली असतील आणि शेवट भलताच असेल, तर खिडकी बंद करायची. सरकारच्या 'संचार साथी' या साइटवर आपल्या नावावर किती मोबाइल नंबर चालू आहेत ते कळतं. आमच्यातल्या एकांच्या नावावर तीन निघाले, त्यातला एक त्यांनी कधी घेतलाच नव्हता. तिथल्या तिथे तक्रार नोंदवता आली.

पण नुसती भीती दाखवून माणसं शनिवारची वाट बघत नाहीत, त्यांना गंमतही हवी. शिकागो विद्यापीठाच्या साइटवर मोल्सवर्थचा १८५७ चा मराठी-इंग्रजी कोश आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश दोन्ही फुकट बघता येतात. एक काकू नातवाला कोकणातल्या पडून गेलेल्या घराचा नकाशा काढून देत होत्या. ओटी, पडवी, माजघर, न्हाणी असे एकेक शब्द त्यांनी दाते-कर्व्यांत शोधले, अर्थ मोठ्याने वाचले आणि अर्धा तास खुर्ची सोडली नाही. रांगेतल्या कोणीही त्यांना उठा म्हटलं नाही.

'रेडिओ गार्डन'वर पृथ्वीचा गोल फिरवायचा आणि हिरव्या ठिपक्यावर थांबायचं, की त्या गावचा रेडिओ सुरू. लेक टोरांटोला असलेले एक सभासद आता रोज तिच्या शहरातल्या बातम्या ऐकतात. 'हेवन्स-अबव्ह'वर आपलं ठिकाण मुंबई निवडलं की आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक कधी आणि कोणत्या दिशेला दिसेल त्याचा तक्ता मिळतो. डिसेंबरात आम्ही नऊजण गच्चीवर गेलो होतो. सांगितलेल्या मिनिटाला नैर्ऋत्येकडून एक ठळक ठिपका निघाला, न लुकलुकता डोक्यावर आला आणि ईशान्येकडे जाता जाता आकाशातच मावळला. सुमारे चारशे किलोमीटरवरून माणसं चालली होती आणि आम्ही खालून हात हलवत होतो! मराठी विश्वकोशाचे वीस खंडही असेच घरबसल्या वाचता येतात, हे आमच्यातल्या जुन्या शिक्षकांनाही ठाऊक नव्हतं.

आता विनंती. आपल्या वृत्तपत्रात 'अधिक माहितीसाठी संकेतस्थळ पाहावे' एवढंच असतं, नाहीतर चौकोनी क्यूआर कोड असतो. आमच्यातल्या निम्म्यांच्या थरथरत्या हातांना तो कोड मोबाइलमध्ये धरता येत नाही, आणि पत्ता शोधायला गेलं की पुन्हा तीच खोट्या साइटची भीती. तेव्हा आठवड्याला एकच साइट, पण आपल्या माणसांनी उघडून तपासलेली, ठळक अक्षरात छापा. पूर्ण पत्ता, काय मिळतं, पैसे पडतात का, मराठीत आहे का, मोबाइल नंबर मागते का, एवढ्या चार ओळी पुरेत. शनिवारच्या अंकात दिलीत तर चार वाजता आम्ही ती उघडून बघू आणि काही खटकलं तर सोमवारी आपल्याला कळवू.

आपला,
एक नियमित वाचक, गिरगाव, मुंबई