शिबिर उठल्यावर कोण?

मा. संपादक,
स. न.

आफ्रिकेतल्या खेड्यांत आठ-दहा दिवसांची शिबिरं घेणाऱ्या डॉक्टरांवरचा रविवार पुरवणीतला लेख वाचला. रजा टाकून, पदरचं तिकीट काढून ही माणसं जातात. त्यांच्याबद्दल वाकडं बोलायचं नाही. पण लेखात ऑपरेशनांचा आकडा होता, फोटो होते, निरोपाचा नाचसुद्धा होता. डॉक्टरांची गाडी गेल्यावर टाके कोणी काढले, तेवढं राहून गेलं.

मला हेच आधी सुचतं, कारण माझी सगळी नोकरी डोळ्यांच्या शिबिरांत काम करण्यात झाली. १९९०च्या आसपासची गोष्ट. शाळेचा वर्ग धुऊन, बाकं जोडून मोतीबिंदू काढले. तिसऱ्या दिवशी शाल-नारळ घेऊन सर्जन मंडळी शहराकडे परतली. आठव्या दिवशी एक आजोबा फेट्याच्या टोकानं डोळा दाबून आरोग्य केंद्रात आले. पट्टी सोडली तर खाली पू. थेंबांची बाटली चौथ्याच दिवशी संपली होती आणि दुसरी कुठे मिळेल हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. एस.टी.नं जिल्ह्याला नेलं, पण डोळा गेला. शिबिराचा अहवाल सहाव्या दिवशीच वर गेला होता, त्यात आजोबा 'यशस्वी'मध्ये धरलेले.

म्हणून मला टॉम कॅटेना हे अमेरिकन सर्जन जास्त मोठे वाटतात. सुदानच्या नुबा डोंगरात गिडेल नावाचं गाव आहे. २००८पासून ते तिथल्या रुग्णालयात आहेत. २०११मध्ये लढाई पेटली, बाहेरची बरीच माणसं निघून गेली, हे राहिले. आवारात खड्डे खणून ठेवलेले. विमानाचा आवाज आला की पेशंटसकट सगळे खड्ड्यात. २०१४मध्ये रुग्णालयावरच बॉम्ब पडले. लाखो लोकांमागे कित्येक वर्षं हाच एक सर्जन. हाताखालची माणसं त्यांनी तिथलीच घेतली आणि शिकवून तयार केली.

अर्थात प्रत्येकाला असं आयुष्य वाहून टाकता येत नाही, आणि तशी अपेक्षा धरणंही बरं नव्हे. त्यापेक्षा मोझांबिकनं काय केलं ते बघा. १९७५मध्ये पोर्तुगीज गेले, त्यांच्याबरोबर बहुतेक डॉक्टरही गेले. पुढे यादवी युद्ध. १९८४मध्ये सरकारनं अनुभवी नर्स आणि आरोग्य सहायक निवडून त्यांना शस्त्रक्रिया शिकवायला सुरुवात केली: दोन वर्षं राजधानी मापुतोत, एक वर्ष प्रांताच्या रुग्णालयात. एमबीबीएस नाही, काही नाही. हे लोक सिझेरियन करतात, हर्निया करतात, मोडलेली हाडं बसवतात. आपल्याकडे असं नुसतं सुचवलं तरी मोर्चे निघतील! पुढे पाहणी झाली तेव्हा शिक्षण संपून सात वर्षं झाल्यावरही त्यांतले ८८ टक्के तालुक्याच्या पातळीवरच्या रुग्णालयांत टिकून होते. तिथे नेमलेल्या डॉक्टरांपैकी एकही उरला नव्हता.

आपल्याकडचे तरुण डॉक्टरही हल्ली अशा शिबिरांना जातात. जरूर जा. पण दहा दिवसांतले तीन दिवस तिथल्या नर्सला शेजारी उभी करून शिकवण्यात घालवा, भले ऑपरेशनांचा आकडा कमी भरेल. तिचा फोन नंबर घेऊन या आणि महिनाभर फोन करत राहा. आणि थेंबांच्या बाटल्या पेशंटमागे एक नको, दोन न्या.

आपला,
एक निवृत्त नेत्र चिकित्सा अधिकारी, बीड