शंकर आबाजी भिसे यांची पेटंटे मोजू नका, वाचा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला शंकर आबाजी भिसे यांच्यावरचा लेख वाचला. १८६७ साली मुंबईत जन्मलेला आणि १९३५ साली न्यूयॉर्कमध्ये वारलेला हा मराठी संशोधक आज फारसा कोणाला ठाऊक नाही. त्याची आठवण काढलीत, बरे केलेत. पण 'दोनशे शोध, चाळीस पेटंटे, भारताचे एडिसन' यापलीकडे लेख जात नाही. वजनकाट्यापासून औषधापर्यंत सगळे एका दमात मोजून दाखवले आणि वाचकाने थक्क व्हावे, अशी अपेक्षा. माझे आयुष्य खिळ्यांच्या, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांच्या, छापखान्यात गेले. म्हणून थोडे लिहितो.

पहिली गोष्ट पेटंटाच्या मोजदादीची. भिसे लंडनला स्थिरावले तो काळ विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीचा. १८८३ च्या कायद्याने ब्रिटिश पेटंटाची सुरुवातीची फी २५ पौंडांवरून ४ पौंडांवर आणली होती, आणि १९०५ पर्यंत तिथले पेटंट कार्यालय कल्पना खरोखर नवी आहे की नाही हे तपासतच नसे. कागदपत्रे नीट आहेत, वर्णन समजते आहे, फी भरली आहे, एवढे झाले की काम झाले. खरी कसोटी पुढे लागायची. पाचव्या वर्षापासून पेटंट जिवंत ठेवायला दरवर्षी पैसे भरावे लागत आणि ती रक्कम चढत जाई. ज्याच्या वस्तूला गिऱ्हाईक नाही तो चार वर्षांनी पेटंट सोडून देई. अमेरिकेत मात्र १८३६ पासून तपासणी होती. शिवाय एकच यंत्र इंग्लंड, अमेरिका आणि जर्मनीत नोंदवले की तीन पेटंटे होतात. तेव्हा चाळीस म्हणजे कोणती चाळीस, किती देशांतली, त्यांतली चार वर्षांपुढे किती टिकली? आपल्या लेखकाने हे विचारायला हवे होते. भिसे यांना कमी लेखण्यासाठी मी हे म्हणत नाही. कोणत्या यंत्रासाठी हा माणूस वर्षानुवर्षे खिशातले पैसे घालत राहिला, ते अशा हिशोबातूनच कळते.

दुसरी गोष्ट आपल्या लेखातल्या 'एकमेकांशी संबंध नसलेल्या क्षेत्रां'ची. मुंबईत अकाउंटंट जनरलच्या कचेरीत नोकरी करता करता भिसे यांनी विज्ञानाची हौस असणाऱ्यांचा क्लब काढला, 'विविध कला प्रकाश' हे मराठी मासिक चालवले, नजरबंदीचे प्रयोग केले. त्याच सुमाराला फसवून उघडता न येणारी बाटली आणि लोकलच्या प्रवाशांना पुढचे स्टेशन दाखवणारे यंत्र अशा गोष्टी त्यांनी केल्या. मग लंडनच्या एका नियतकालिकाने किराण्याचा माल आपोआप वजन करून देणाऱ्या यंत्राची स्पर्धा लावली आणि त्यात भिसे यांचा आराखडा पहिला आला. काँग्रेसचे पुढारी दिनशा वाच्छा यांच्या शिफारशीने ते दादाभाई नौरोजींकडे पोचले आणि लंडनमध्ये त्यांचा जम बसू लागला. तिथे जाहिराती दाखवणारे विजेचे यंत्र, स्वयंपाकघरातली उपकरणे, आपोआप पाणी सोडणारे शौचकूप. हे सगळे विखुरलेले वाटते खरे. पण वजनकाटा काय करतो? साखर ठरल्या मापाला आली की धार तोडतो. शौचकूपाची टाकी काय करते? पाणी ठरल्या मापाला साठले की सोडते. खिळे पाडणारे यंत्र वितळलेला धातू ठरल्या मापात साच्यात सोडते, थांबते, खिळा बाहेर टाकते आणि पुन्हा सोडते. 'मोजून सोडा आणि वेळेवर थांबवा' हे एकच कोडे हा माणूस निरनिराळ्या दुकानांत जाऊन सोडवत होता, असे मला वाटते. हा माझा तर्क आहे, पण यंत्रे हाताळलेल्या माणसाचा आहे.

आता त्या खिळ्यांच्या यंत्राबद्दल, म्हणजे भिसोटाइपबद्दल. आपल्या लेखात त्याला दीड ओळ मिळाली आहे. भिसे यांनी आयुष्यातली सर्वांत जास्त वर्षे ज्यावर घालवली, ते हेच यंत्र.

आजच्या वाचकाला खिळा म्हणजे काय हेच सांगावे लागेल. शिसे, अँटिमनी आणि कथील यांच्या मिश्रणाचा तो चौकोनी तुकडा, टोकाला उलटे अक्षर. उंची ०.९१८ इंच. यात इंचाच्या हजाराव्या भागाचा फरक पडला तरी ते अक्षर कागदात रुतते, नाहीतर शेजाऱ्यांच्या मानाने पुसट उठते. जुन्या काळी ओतारी डाव्या हातात साचा धरून उजव्या हाताने पळीभर रस ओतायचा आणि त्याच क्षणी साच्याला वर हिसका द्यायचा, म्हणजे रस अक्षराच्या बारीक कोपऱ्यांत शिरायचा. पुढे यंत्रे आली आणि हिसक्याचे काम पंपाने घेतले. पण यंत्राचा वेग वाढवायला गेले की एक अडचण हटकून उभी राहते. धातू थिजायला वेळ लागतो. घाईने बाहेर काढलेला खिळा वरून ठीक दिसतो, पण आतून पोकळ राहतो आणि मशीनच्या दाबाखाली पहिल्या हजार प्रतींतच बसतो. असे पोकळ खिळे मी हातात घेतले आहेत. ते टेबलावर आपटले की आवाजावरून कळते. म्हणजे वेगवान ओतयंत्र बनवणाऱ्याला पंपापेक्षा थंड करण्याचे डोके लढवावे लागते. साच्याभोवती पाणी कसे फिरवायचे, एक साचा थिजत असताना दुसरा कसा भरायचा, आणि हे करताना तो हजारावा भाग कसा सांभाळायचा.

लंडनमध्ये यंत्र करून दाखवणाऱ्या भिसे यांच्यासमोर हे प्रश्न होते, आणि स्पर्धेत कोण होते तेही पाहा. १८८६ साली न्यूयॉर्क ट्रिब्यूनच्या छापखान्यात लायनोटाइप चालू झाले होते. चालक कळा दाबतो आणि सबंध ओळच धातूची ओतून येते. लॅन्स्टनचे मोनोटाइप सुटे खिळे पाडून जुळवूनही द्यायचे. भिसे यांचा भर सुटे खिळे अतिशय वेगाने आणि स्वस्तात पाडण्यावर होता. यात मोठा व्यावहारिक फायदा आहे. छपाई झाली की खिळे पुन्हा एकेक करून ज्याच्या त्याच्या खणात टाकावे लागत. डिस्ट्रिब्यूट करण्याचे हे काम म्हणजे छापखान्यातली सर्वांत कंटाळवाणी मजुरी. खिळे पुरेसे स्वस्त पडले तर ती करायचीच नाही. वापरलेले वितळवा आणि नवे पाडा. रोमन लिपीची केस, म्हणजे खिळे ठेवायची खणांची पेटी, तशी आटोपशीर. काना, मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरे धरून मराठीच्या केसा शेकड्यांनी खणांच्या असतात, तिथे ही बचत केवढी झाली असती! जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याने १८६९ पासून ज्या गावात देखण्या देवनागरी छपाईचा कित्ता घातला, त्याच गावातून हा तरुण निघाला होता. त्याचे यंत्र कधी गिरगावात चालले असते, तर मराठी पुस्तकांच्या किमतीवरही त्याचा परिणाम झाला असता, असे माझे मत आहे.

ते झाले नाही, कारण पेटंट होते पण पैसा नव्हता. नमुना यंत्र करणे, ते कारखान्यात उतरवणे, विकणे आणि विकलेले दुरुस्त करत राहणे याला जे भांडवल लागते ते लायनोटाइपमागे उभे होते. दादाभाईंनी हात दिला. इंग्लंडचे समाजवादी पुढारी हेन्री हाइंडमन यांनीही भांडवल जमवायचे मनावर घेतले, पण जमले नाही. (भांडवलशाहीच्या कट्टर विरोधकाला भांडवलदार शोधत फिरावे लागले, याची गंमत वाटते.) भिसे मुंबईला परतले. तिथे गोपाळ कृष्ण गोखले यांनी त्यांची गाठ जमशेटजींचे धाकटे चिरंजीव रतन टाटा यांच्याशी घालून दिली आणि त्यातून लंडनमध्ये टाटा-भिसे सिंडिकेट उभे राहिले. हे रतन टाटा १९१८ साली वारले. आपल्या लेखात मात्र फोटो छापला आहे तो २०२४ साली वारलेल्या रतन टाटांचा. निदान हे तरी दुरुस्त करावे. पहिल्या महायुद्धाच्या काळात सिंडिकेट गुंडाळले गेले, भिसे अमेरिकेला गेले, तिथे पुन्हा कंपनी, पुन्हा यंत्र. वय पन्नाशी ओलांडलेले.

ॲटोमिडीन या आयोडीनच्या औषधाबद्दल थोडक्यात. आपण त्याला 'चमत्कारी औषध' म्हटले आहे, ते टाळायला हवे होते. भिसे यांना पैसा बहुधा यातूनच जास्त मिळाला आणि अमेरिकेत एडगर केसी या गूढवाद्याच्या अनुयायांमध्ये ते नाव अजूनही चालते. पण प्रौढ माणसाला दिवसाला साधारण १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरते आणि ते मिठातून मिळते. जास्त झाले तर थायरॉइड बिघडतो. लेख वाचून कोणी परदेशातून बाटली मागवू नये.

एडिसनशी तुलना सगळेच करतात. १९३० च्या अखेरीस दोघांची भेट झाली हे खरे. एडिसनच्या नावावर अमेरिकेतली १,०९३ पेटंटे आहेत आणि पाठीशी वॉल स्ट्रीटचे पेढीवाले होते. त्या मापात भिसे यांना उभे करणे हा भिसे यांच्यावरच अन्याय आहे. तुलना करायचीच तर आपल्या लेखाने गाळलेल्या मुद्द्यावर करा. भिसे यांनी आत्म्यांशी बोलण्यासाठी टाइपरायटरसारखे एक यंत्र केले होते, आणि १९२० साली एडिसननेही मृतांशी संपर्क साधणाऱ्या उपकरणावर काम करत असल्याचे मुलाखतीत सांगितले होते. दोघेही आपल्या काळाची माणसे होती. हे लपवण्यात काय अर्थ आहे?

हे सगळे आत्ता लिहिण्याचे कारण असे की पेटंटे मोजण्याचा रोग पुन्हा पसरला आहे. आमच्या भागातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या दारावर 'इतकी पेटंटे प्रकाशित' असा फलक झळकतो आहे. आपल्या कायद्यात अर्ज केल्यापासून १८ महिन्यांनी तो प्रकाशित होतोच. घाई असेल तर जादा फी भरून लवकरही होतो. तपासणी होऊन पेटंट मंजूर होणे ही पुढची, वेगळी पायरी. पालकांना हा फरक माहीत नसतो आणि फलक लिहिणाऱ्याला तो माहीत असतो. आपल्या वार्ताहरांनी अशा बातम्या देताना दोनच प्रश्न विचारावेत. मंजूर झाले का? आणि मंजूर असेल तर नमुना २७ मध्ये काय भरले आहे? पेटंटधारकाला आपला शोध देशात प्रत्यक्ष वापरात आहे की नाही, हे त्या नमुन्यात सरकारला कळवावे लागते. कोरे उत्तर हीसुद्धा बातमी असते.

आणि भिसे यांच्याबद्दल एक विनंती. त्या काळातली ब्रिटिश आणि अमेरिकन पेटंटे, वर्णन आणि आकृत्यांसह, आता इंटरनेटवर फुकट पाहता येतात. त्यांच्या ओतयंत्राचे एखादे पेटंट काढा, त्याचे वर्णन साध्या मराठीत करून छापा. पंप कुठे, साचा कुठे, थंड करायची सोय कशी, हे समजावून द्यायला जुने मुद्रक आणि फौंड्रीवाले अजून आहेत, मीही येईन. आकृती मात्र कृपा करून अर्ध्या पानाची तरी छापा. भागांवर घातलेली बारीक अक्षरे वाचता आली नाहीत तर तिचा काही उपयोग नाही.

आपला,
एक निवृत्त मुद्रक, सांगली